झाडाचं दूध आणि पांढरी गोळी

बा, तुझी आठवण दाटून आली म्हणून मी लिहायला बसलेली नाही. तुझ्याशी भांडायचं राहून गेलं होतं, म्हणून बसले आहे. तू होतास तेव्हा तुझ्यापुढे तोंड उघडायची आमची कुणाची छाती नव्हती, आणि तू गेलास तेव्हा मेलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून सगळ्यांनी मला गप्प केलं. आता माझे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, सून मला जड हंडा उचलू देत नाही. आता मला कुणाची भीती? तुझा नातू, माझा मुलगा, दारू सोडायची गोळी घेतो आहे. तीच गोळी, जी तू माझ्या घरातून उचलून नेऊन खाडीत फेकलीस. तो ती चालू ठेवतो की तुझ्यासारख्यांचं ऐकून सोडून देतो, यावर त्याचं घर उभं राहायचं की आडवं व्हायचं ते आहे. माझं घर आडवं झालेलं मी पाहिलंय. परत पाहायची माझी तयारी नाही.

चिंचणीच्या त्या घरात मी जन्मले तेव्हापासून ताडीच्या वासात वाढले. पहाटे तू कमरेला कोयता अडकवून ताडावर चढायचास आणि आम्ही पोरं खालून मान वर करून उभी. मडकं उतरवून आणलंस की आई गाळायची, आणि पहिला पेला पाहुण्याला, मग घरातल्यांना, पोट साफ व्हायला म्हणून घोटभर आम्हा पोरांनाही. आपल्या घरात ताडीला दारू म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. दारू म्हणजे दुकानातली बाटलीतली, नाहीतर गुळाची चोरून गाळलेली. ती पिणाऱ्यांना तू ओट्यावर बसू द्यायचा नाहीस. 'बेवडा हाय, लांब बस' असं तोंडावर सांगायचास आणि मग आत येऊन स्वतःचा पेला भरायचास. ताडी म्हणजे तुझ्या भाषेत झाडाचं दूध. गाव हसायचं नाही, कारण गावही तसंच बोलायचं. अजून बोलतं.

तुझ्या जावयांचं पिणं बाटलीतलं. लग्न करून मी कुंभवलीला आले तेव्हा ते बरे होते. तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात कामाला, घरी आले की बनियन पिवळी, रुमाल पिवळा, नखं पिवळी. पाळी सुटल्यावर सगळे मिळून थोडी घ्यायचे, वास मारतो म्हणायचे. वासाला औषध म्हणून सुरू झालं आणि मग वास नसला तरी लागायला लागलं. पुढचं तुला सांगायला नको, तू बघायला यायचास आणि मला विचारायचास, 'तू काय करते घरात बसून? बायको धड असली का पुरूस पित नाय.' हे वाक्य तू किती सहज टाकायचास, बा. जेवताना मीठ मागावं तसं.

मी काय करत होते ते ऐक. शेजारणीबरोबर मी बोईसरच्या एका डॉक्टरांकडे गेले, आणि नंतर यांनाही हात धरून नेलं. डॉक्टर म्हातारे होते, ओरडले नाहीत. यांना समोर बसवून विचारलं, 'सोडायची आहे का? बायकोला नाही, तुम्हाला?' हे खाली बघतच हो म्हणाले. आधी रक्त तपासलं, काळीज, म्हणजे लिव्हर, ठीक आहे का बघितलं. सुरुवातीला हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, त्यासाठी वेगळ्या गोळ्या आणि सुया दिल्या. ते दिवस पार पडले तेव्हा ही पांढरी गोळी. रोज सकाळी एक, माझ्या समोर. 'ही पोटात असताना दारू प्यालात तर जीव नकोसा होईल,' डॉक्टर म्हणाले, 'म्हणूनच ती देतोय. सकाळी एकदाच ठरवायचं, मग दिवसभर मनाशी कुस्ती नको.' मला ते फार आवडलं. दिवसभर मनाशी कुस्ती करून हरणारा माणूस मी रोज बघत होते.

आणि तुला खोटं वाटेल, पण ते महिने बरे गेले. यांनी घराची कौलं बदलली. पोराला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायला लागले. एकदा माझ्यासाठी बोंबील आणून स्वतः साफ करायला बसले आणि निम्मे बोंबील मांजरीला दिले. मी रात्री दाराला कान लावून न बसता झोपायला लागले. तेव्हा तुझा निरोप आला, मोठी पापलेटं मिळालीत, जावयाला घेऊन ये.

तुझ्या घरातली ती सकाळ मला आजही डोळ्यासमोर दिसते. मी आणि आई आत नारळ वाटतोय. पाट्यावर वरवंट्याचा आवाज आणि बाहेर ओट्यावर तुझा आवाज. तू मडकं घेऊन आलायस.

'जावयबापू, या. आताच उतरवलीय, गोड हाय.'

'बाबा, मी सोडलीय. डॉक्टरनी सांगितलाय, दारू नाय.'

'दारू कोन देतोय तुमाला? ताडी हाय ही. आमची पोरा पितात.'

मी वाटण भरल्या हातांनी बाहेर आले. हे माझ्याकडे बघत होते. नको म्हणणारं ते बघणं नव्हतं, विचारणारं होतं. मी म्हटलं, 'बा, डॉक्टरना विचारू आधी, मग दे.' आणि तू खो खो हसलास. 'डॉक्टर चढलाय काय कधी ताडावर?' आजूबाजूचेही हसले. यांनाही हसू आलं, आणि हसता हसताच यांनी पेला तोंडाला लावला.

वाटण पातेल्यात पडायच्या आत यांचा चेहरा लाल झाला. आधी कान, मग मान, मग डोळे. छाती धडधडायला लागली ती सदऱ्यावरून दिसत होती. ओकाऱ्या सुरू झाल्या, घाम, आणि मग ओट्याच्या खांबाला धरून हे खाली बसले ते उठेचनात. दादाने, तुझ्या मुलाने, टेम्पो आणला आणि आपण बोईसरला नेलं. तिथे डॉक्टरांनी सलाईन लावताना विचारलं, 'काय प्यायले?' तू पुढे होऊन म्हणालास, 'काय नाय. दारूचा थेंब नाय दिला.' तू खोटं बोलत नव्हतास, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. तुझ्या मते तू खरंच दारू दिली नव्हतीस. मी म्हटलं, 'ताडी प्यायले.' डॉक्टर एवढंच म्हणाले, 'मग दारू प्यायले.' ताडी झाडावरून उतरायच्या आधीच मडक्यात आंबायला लागते, त्यांनी समजावलं. तू ऐकलं नाहीस. तू बाहेर गेलास आणि माझ्या सासरची माणसं धावत आली होती त्यांच्यासमोर मोठ्याने बोललास, 'पोरीनं नवऱ्याला गोळीतून इख घातलाय.'

बा, ताडी पाजलीस ते मी कधीच पोटात घातलं. तुला माहीत नव्हतं, गावात कुणालाच माहीत नव्हतं. पण डॉक्टरांनी सांगितल्यावर माहीत झालं होतं ना? तेव्हा एकदा म्हणाला असतास, 'माझं चुकलं, ताडीनं झालं,' तर तुझं काय झिजलं असतं? त्याऐवजी तू दुसऱ्या दिवशी कुंभवलीला आलास, देवाच्या फोटोमागून गोळ्यांची पाकिटं काढलीस आणि घेऊन गेलास. खाडीत टाकली म्हणून नंतर अभिमानाने सांगत होतास. झाडाच्या दुधाची अब्रू राखायला तुला माझी गोळी बदनाम करावी लागली.

हे बरे होऊन घरी आले. मी परत गोळ्या आणल्या, पुढे केल्या. 'तुझा बापूसच बोलला, ही गोळी मारते,' ते म्हणाले. पिणाऱ्याला सबब लागते, बा, आणि तू ती यांना सासऱ्याच्या तोंडून, शिक्का मारून दिलीस. त्यानंतर यांनी डॉक्टरांची पायरी चढली नाही. काळीज गेलं, डोळे हळदीसारखे झाले, पोटात पाणी भरलं. पालघरच्या हॉस्पिटलात हे वारले तेव्हा तू सगळ्यांत जास्त रडलास. मी तुझ्या रडण्याकडे बघत होते आणि मला तुझ्याबद्दल काही म्हणजे काही वाटत नव्हतं. तेराव्याला आलेल्यांना तू सांगत होतास, 'ती गोळी लागली त्याला, तवापासून खचला.' आणि लोक माझ्याकडे बघून मान हलवत होते. त्या माना मी अजून विसरलेली नाही. पुढे काही वर्षांनी तुझी तिरडी उचलली तेव्हा मी रडले, पण कुणासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं जुळवून वाचायला मी तेव्हापासून लागले. डायसल्फिराम हे नाव मला माझ्या नणंदांच्या नावांसारखं पाठ आहे. जो डॉक्टर भेटेल, जो औषधाच्या दुकानातला पोरगा भेटेल, त्याला विचारायचे. दारू पोटात गेली की अंगात तिचं आधी एक विष होतं, मग त्या विषाचं आंबट पाणी होतं आणि ते निघून जातं. गोळी ती मधली वाट बंद करते, म्हणून विष साचतं. माझा मुलगा तारापुरातच प्लांटवर असतो, त्याने मला त्याच्या भाषेत सांगितलं, 'आई, पुढचा व्हॉल्व बंद केला, टाकीत माल तुंबला, असं समज.' आणखीही एक गोळी असते, ती हावच कमी करते, मेंदूतली मजा काढून घेते. कुणाला कोणती हे डॉक्टर ठरवतात. हे सगळं मी शिकले ते तुझ्या एका वाक्याला उत्तर द्यायला. 'मरद असला तर मनानं सोडील, गोळ्या कशाला?' असं तू म्हणायचास. बा, तुला हिवताप झाला होता तेव्हा का नाही मनाने बरा झालास? तेव्हा त्या कडू गोळ्या लहान पोरासारखं तोंड वाकडं करून गिळल्यास आणि वर आईकडे गूळ मागितलास. तिथे तुझा मरदपणा कुठे गेला होता? ज्या रोगाची तुला लाज वाटत नव्हती त्याला औषध चालत होतं. ज्याची लाज वाटत होती त्याला फक्त शिव्या.

मुलगाही बापाच्या वाटेने गेला. मी काही केलं नाही असं म्हणणारे आताही आहेत, पण त्यांचं मी मनावर घेत नाही. सून लेकराला घेऊन बेटेगावला माहेरी गेली तेव्हा तो स्वतः मला म्हणाला, 'आई, कुठंतरी ने मला.' सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. तिने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. घरच्यांनी गुपचूप जेवणात कालवून द्यायची नाही, हेही सांगितलं, त्याने माणूस मरू शकतो. गोळी एक दिवस चुकवली म्हणून दुसऱ्या दिवशी प्यायला मोकळीक नाही, ती अंगात बरेच दिवस राहते. आणि मग माझ्याकडे वळून विचारते, 'आजी, तुमच्याकडे ताडी चालते ना? ती पण नाही. घोटभर पण नाही.' मी काही न सांगता तिने विचारलं. मला तिथे खुर्चीतच रडू कोसळलं. तिला वाटलं मी मुलासाठी रडते आहे.

सून परत आली. सकाळी चहाबरोबर मी गोळी देते, तो माझ्यासमोर घेतो. सोपं नाही. कारखान्यात साथीदार चिडवतात, 'क्या भाई, गोली पे चल रहा है?' एकदा कंटाळून म्हणाला, 'आई, किती दिवस चालू अशी कुबडी घेऊन?' मी म्हटलं, 'पाय मोडलेला माणूस कुबडी टाकतो ती पाय जुळल्यावर, लोक हसतात म्हणून नाही.' त्याने गोळी गिळली. पण मला कळत होतं, त्याच्या मनात किडा वळवळतोय.

आणि काल तुझी तिथी. पितृपक्षात तुझं पान दादाच्या घरी ठेवतात, तुझ्याच जुन्या जागेत. दादाला मुलीच, म्हणून नातवाचा मान माझ्या मुलाचा. पानावर वडे, भात, कोळंबी, आणि शेजारी तुझा ताडीचा पेला. पान कावळ्यासाठी वर ठेवून झालं की तो पेला घरातल्या पुरुषांनी ओठाला लावायचा, आधी नातवाने, ही तुझ्या बापापासूनची रीत. गेली काही वर्षं तो तसाही पीतच होता, त्यामुळे कुणाला विचार करावा लागला नव्हता. काल दादाने पेला उचलून त्याच्या हातात दिला.

'घे भाच्या. आजोबांचा परसाद.'

'मामा, गोळी चालू हाय माझी.'

'मग? ताडी काय दारू हाय?'

बा, तुझाच आवाज. तेच हसू. दादाच्या पोरींचे नवरे, शेजारी, सगळे हसले. दादा म्हणाला, 'आजची गोली घेतलीस तर घेतलीस, व्हटाला लाव नुसता. आयच्या बापाला नाय बोलशील?' आणि माझ्या मुलाने माझ्याकडे बघितलं. विचारणारं बघणं. मी ते ओळखलं, कारण मी ते आधी एकदा पाहिलं होतं, वाटण भरल्या हातांनी उभी राहून. या वेळी मी डॉक्टरला विचारू वगैरे काही म्हटलं नाही. त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

'बाय, बाच्या पानाचा मान हाय,' दादा म्हणाला.

'मान बाला दे. पोराला नको.'

'असा कुटं असतो काय? रीत हाय.'

'तुझा भावजी या रीतीनं गेला. आणखी कोण पायजे तुला?'

मग कोणी हसलं नाही. मी अंगणात गेले आणि पेला मातीत ओतला. दादा मागून आला, तोंड काळं पडलेलं. 'बाचा अपमान केलास तू. बाला काय वाटला असेल?' मी म्हटलं, 'बाला वाटलं असेल तर बा येऊन सांगेल मला. तू कशाला तोंड दुखवतोस?' वहिनीने मला हाताला धरून आत नेलं आणि जेवायला वाढलं. दादा माझ्या पंगतीला बसला नाही. नसू दे.

येताना रिक्षात मुलगा माझ्या शेजारी बसला होता, बाहेर बघत. बोईसर जवळ आलं तेव्हा म्हणाला, 'आई, मी पिणार होतो.' मी म्हटलं, 'माहीत हाय.' 'मला खरंच वाटलं, ताडीच तर हाय,' तो म्हणाला. मी त्याला समजावलं नाही, रागावले नाही. त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत धरून ठेवला. आज सकाळी मी चहा गाळत होते, तेव्हा त्याने मी द्यायच्या आधीच गोळीसाठी हात पुढे केला. इतक्या महिन्यांत असं पहिल्यांदा झालं. उद्या करेल की नाही, मला सांगता येत नाही. त्या डॉक्टरिणीलाही येणार नाही.

तर हे असं आहे, बा. पुढच्या वर्षी तुझ्या पानाशेजारी पेला असेल तर मी आणि माझा मुलगा नसू, हे मी दादाला कळवणार आहे. तुला यात काही दुखत असेल तर दुखू दे. माझं दुखलं तेव्हा तू अभिमानाने गोष्टी सांगत होतास. हा कागद मी कुठे पाठवणार? आणि वस्तू खाडीत फेकायला मी काही तू नाही. घडी करून लुगड्यांखाली ठेवते.

एक मात्र दादाला सांगितलेलं नाही, मुलालाही नाही. काल अंगणात तो पेला मातीत ओतत होते, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'घे, बा.'